दुसरा आवाज

मेनूथच्या मेन स्ट्रीटवर बेकरी आणि औषधांचं दुकान यांच्या मधे श्रवणयंत्रांचं एक छोटं दुकान आहे. पूर्णिमा तिथं लोकांचे कान तपासते. पुण्यातही ती हेच काम करायची. नवऱ्याला, हृषीकेशला, इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून ती आयर्लंडला आली, आणि इथल्या नोंदणीचे सगळे सोपस्कार उरकून पुन्हा आपल्या कामाला लागली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी फिंटन नावाचे गृहस्थ दुकानात आले. सत्तरीचे, लालबुंद चेहऱ्याचे, बुटांना शेतातला चिखल. बायकोनं पाठवलंय, हे त्यांनी आल्याआल्या सांगून टाकलं. म्हणजे तक्रार आपली नाही, तिची आहे. पूर्णिमानं त्यांना छोट्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं, एवढंच काम. तिकडे पडद्यावर दोन्ही कानांचे आलेख उमटत गेले. उजवा वयाच्या मानानं बरा होता. डावा मात्र बारीक आवाजांपाशी विहिरीत उतरावा तसा खाली गेला होता.

फिंटन बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही बंदूक चालवता का? उजव्या खांद्यावरून?"

ते तिच्याकडे बघत राहिले. "कुणी सांगितलं?"

"तुमच्या डाव्या कानानं. बंदूक उजव्या खांद्याला लावली की मान वळते. डावा कान नळीच्या तोंडाकडे होतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. वर्षानुवर्षं हे झालं की आलेख असा दिसतो."

फिंटनना हे फारच आवडलं. मग त्यांनी सगळंच सांगितलं. गावाबाहेर त्यांचं शेत होतं, आणि शेताच्या एका तुकड्यावर त्यांचा नेमबाजीचा क्लब चालायचा. यंत्रातून मातीच्या तबकड्या हवेत उडतात आणि छर्ऱ्याच्या बंदुकीनं त्या फोडायच्या असतात. पक्षी मरत नाही, कुणी मरत नाही. "या एकदा बघायला," ते जाताना म्हणाले. त्यांनी सांगितलेला रस्ता ऐकताना पूर्णिमाच्या लक्षात आलं, की हे शेत आपल्या घराच्या मागेच आहे. रविवारी सकाळी जे धडधड आवाज यायचे ते तिला कावळे हाकलायच्या गॅसच्या तोफेचे वाटायचे. शेजारच्या कुणीतरी तसं सांगितलं होतं आणि तिनं मानलं होतं.

त्याच आठवड्यात फिंटनच्या फाटकावर क्लबासाठी कौन्सिलची परवानगी मागितल्याची नोटीस लागली. पूर्णिमा राहायची ती वसाहत नवी होती, एकसारख्या घरांची. दक्षिणेला कुंपणापलीकडे शेतं सुरू व्हायची आणि उत्तरेला मोठा रस्ता होता. वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी कचऱ्याचे डबे आणि हरवलेली मांजरं एवढेच विषय असायचे. नोटिशीचा फोटो आला आणि ग्रुप पेटला. रहिवाशांच्या समितीचं काम बघणारी डर्वला तिसऱ्या गल्लीत राहायची. तिनं पूर्णिमाला वेगळा मेसेज केला: तू कानांची तज्ज्ञ आहेस ना, मंगळवारी माझ्याकडे चहाला ये.

इतक्या वर्षांत एखाद्या आयरिश घरात स्वयंपाकघरापर्यंत जायची पूर्णिमाची ही पहिलीच वेळ होती. डर्वला मुळीच औपचारिक नव्हती. "प्रेसमधून कप काढ," ती म्हणाली, आणि इथं कपाटाला प्रेस म्हणतात हे ठाऊक असल्याचा पूर्णिमाला थोडा अभिमान वाटला. टेबलावर डर्वलानं लॅपटॉप उघडून ठेवला होता. पडद्यावर काउंटी कौन्सिलचा नकाशा होता. वसाहत पिवळी, शेतं हिरवी, आणि दोन रंगांमधली रेघ बरोबर पूर्णिमाच्या मागच्या कुंपणावरून गेलेली.

"बंदुकीचा परवाना हा गार्डांचा, पोलिसांचा विषय," डर्वला समजावू लागली. "तो सगळ्यांकडे आहे. आपला प्रश्न जमिनीचा आहे. ही जमीन शेतीची. पूर्वी पीक निघालं की चार मित्र कधीतरी जमायचे, त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. आता शेड झाली, काँक्रीटचे चौथरे झाले, दर रविवारी गाड्या येतात. म्हणजे जमिनीचा वापर बदलला. त्यासाठी कौन्सिलची परवानगी लागते आणि ती त्यानं आता मागितली आहे. मुदतीच्या आत कुणालाही हरकत घेता येते. आवाजाबद्दलचा भाग तू लिही."

"त्या गृहस्थांना मी ओळखते," पूर्णिमा म्हणाली. "ते दुकानात येतात. तिथलं मी काही बोलणार नाही. पण आवाज ऐकून जे कळेल ते लिहीन."

"ग्रँड," डर्वला म्हणाली, म्हणजे चालेल.

निघताना पूर्णिमाला घरातल्या बोळात खुर्चीवर बसलेली एक म्हातारी बाई दिसली. स्वच्छ स्वेटर, नीट विंचरलेले पांढरे केस. ती डर्वलाची आई, ब्रीद. तिचं स्मरण हळूहळू विरत चाललं होतं. डर्वला दारापर्यंत आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आई उत्तर आयर्लंडच्या सीमेलगतच्या गावातली आहे. तिकडे बॉम्ब फुटायचे त्या काळात ती तरुण होती. रविवारी आवाज सुरू झाले की ती इथं बोळात येऊन बसते. इथं खिडकी नाही ना. आता इतर दिवशीही इथंच असते. तिची खोली मी मागून पुढच्या बाजूला हलवली, रस्त्याकडे. वाटलं, तिकडे कमी ऐकू येईल. काही फरक नाही. उलट जास्तच घाबरते."

घरी येऊन पूर्णिमानं हे सगळं हृषीकेशला सांगितलं. नकाशाची गोष्ट ऐकून त्याला हसू आलं. "म्हणजे आपलाच ग्रीन झोन आणि यलो झोन की. बाबांनी तळेगावला प्लॉट घेतला तेव्हा वर्षभर घरात एकच जप होता, एनए झालं का, एनए झालं का. मला वाटायचं हे फक्त आपल्याकडेच."

"पण खोली पुढे नेल्यावर ती जास्त का घाबरते?" पूर्णिमा म्हणाली. "मधे अख्खं घर आहे. आवाज कमी व्हायला हवा."

हा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना.

रविवारी ती मागच्या बागेत कोट घालून उभी राहिली. थंडी होती आणि वारा पडलेला होता. शेताकडून धड्ड आवाज आला आणि पाठोपाठ दुसरा, जरा बोजड. मग शांतता. पुन्हा दोन. ग्रुपवर सगळे हेच लिहीत होते, दोन-दोन गोळ्या झाडतात म्हणून. पूर्णिमा ऐकत राहिली. थोड्या वेळानं तिला काहीतरी खटकू लागलं. दोन आवाजांमधलं अंतर दर वेळी अगदी तेवढंच होतं. नेम धरणारा माणूस कधी घाई करेल, कधी थांबेल; शिवाय माणसंही बदलत असणार. इतकं एकसारखं कुणी झाडत नाही.

तिनं डर्वलाच्या दारावर टकटक केली आणि मागच्या बागेत उभं राहायची परवानगी मागितली. तिथंही दोन आवाज आले, पण त्यांच्यातलं अंतर कमी होतं. डर्वलाचं घर रस्त्याच्या बाजूला, उत्तरेकडे होतं.

"हृषी, शूज घाल," घरी येऊन ती म्हणाली. "चल माझ्याबरोबर."

"पोहे झाकून ठेवू?"

"ठेव. पटकन चल, ते जेवायच्या वेळेला थांबतात."

दोघं वसाहतीतून उत्तरेकडे चालत निघाले. पूर्णिमा दर थोड्या वेळानं थांबायची आणि हातानं गप्प राहायची खूण करायची. जसजसे ते पुढे गेले तसतसे दोन आवाज एकमेकांजवळ सरकत गेले. मोठा रस्ता ओलांडला तेव्हा ते जवळजवळ चिकटले होते. रस्त्यापलीकडे नवं गोदाम होतं, मालाच्या ट्रकांसाठी गेल्या वर्षी बांधलेलं. राखाडी पत्र्याची सपाट भिंत, खिडक्या नाहीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती भिंत. पूर्णिमा तिच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. तिथं एकच आवाज आला.

हृषीकेशनंही तो ऐकला. तो भिंतीकडे आणि मग वळून लांबच्या शेतांकडे बघू लागला. "म्हणजे दुसरी गोळी नाहीच?"

"नाहीच. आवाज वसाहतीवरून जातो, या पत्र्यावर आदळतो आणि परत येतो. ब्रीदची खिडकी या भिंतीकडे आहे. शेताकडचा आवाज तिच्यापर्यंत घरामुळे फारसा पोचत नाही. तिला ऐकू येतो तो हा, परतून आलेला. त्यातला टोकदारपणा गेलेला असतो, नुसता लांबून धप्प. बॉम्बसारखा."

बोलता बोलता ती थांबली. कोडं सुटल्याचा आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची तिला लाजही वाटली. बोळातली खुर्ची डोळ्यांसमोर होती.

पुढच्या रविवारी ते दोघं फिंटनच्या शेतावर गेले. हृषीकेशला वाटलं होतं, काहीतरी सैनिकी प्रकार असेल. प्रत्यक्षात शेडमध्ये चहाचा मोठा थर्मास होता, एक जख्ख म्हातारं कुत्रं होतं, आणि जुन्या जॅकेटमधली माणसं आळीपाळीनं काँक्रीटच्या चौथऱ्यावर उभी राहत होती. फिंटननी पूर्णिमाच्या हातात यंत्राचं बटण दिलं. तिनं दाबलं आणि केशरी तबकडी सूर्रकन आभाळात गेली. बंदूक वाजली आणि तबकडीची भुकटी झाली. ते दृश्य इतकं नेटकं होतं की तिनं पुन्हा बटण दाबलं, आणि पुन्हा. मग फिंटनच्या गळ्यात लोंबणारे कानांवरचे संरक्षक तिच्या नजरेला पडले.

"हे गळ्यात कशाला?"

"घातले की गप्पा ऐकू येत नाहीत."

"न घालता अजून दोन वर्षं काढलीत, की तशाही ऐकू येणार नाहीत."

बाकीचे हसले. फिंटननी मुकाट्यानं ते कानांवर चढवले.

जरा निवांत झाल्यावर पूर्णिमानं विचारलं, "सगळे चौथरे उत्तरेकडे तोंड करून का आहेत? म्हणजे आमच्या घरांकडे?"

"ऊन," फिंटन म्हणाले. "तबकडी आभाळात बघायची असते. ऊन पाठीशी हवं. पूर्वी तिकडे घरं कुठं होती."

"आणि तिकडे?" तिनं ईशान्येकडे बोट दाखवलं. तिकडे पाणथळ जमीन होती आणि तिच्यापलीकडे लावलेल्या सूचिपर्णी झाडांचं दाट रान.

"तीही जमीन माझीच. पण सकाळी ऊन त्याच बाजूनं डोळ्यांत येतं."

"मग दुपारी?"

फिंटननी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं काहीतरी अशिष्ट विचारलं होतं. "रविवारी दुपारी गेलिक फुटबॉलची मॅच असते," ते म्हणाले. "दुपारी इथं कुत्रंसुद्धा येणार नाही."

परत येताना पूर्णिमा मनाशी हिशेब करत होती. बंदुकीचा आवाज सगळीकडे सारखा जात नाही, नळीच्या तोंडासमोर सगळ्यात जास्त जातो, हे तिला माहीत होतं. नळी वळली तर वसाहतीतला आवाज उतरेल, आणि वसाहतीवरून भिंतीपर्यंत जाणाराही उतरेल. नळी वळवायची तर वेळ बदलायला हवी. वेळ बदलायची तर मॅच आड येते. एवढ्याशा गोष्टीवर सगळं अडलं होतं.

तिनं हे डर्वलाला सांगितलं तेव्हा डर्वला बराच वेळ चमच्यानं चहा ढवळत राहिली. त्यात साखर नव्हती.

"भिंतीचं लिहू नकोस," ती अखेर म्हणाली. "बागेत आवाज येतो, दोनदा येतो, एवढंच लिही. ते खरंच आहे ना?"

"खरं आहे. पण अर्धंच."

"पूर्णिमा, तू भिंतीचं लिहिलंस की त्याचा वकील म्हणेल, गोदामवाल्याला विचारा. गोदामवाला म्हणेल, माझ्याकडे रीतसर परवानगी आहे. आणि माझी आई बोळात बसलेलीच राहील."

"आणि नाही लिहिलं तर? समजा क्लब थोडा मागे सरकवला किंवा मधे मातीचा बांध घातला. मागच्या बागा शांत होतील, सगळे खूश होतील. पण तुझ्या आईच्या खिडकीत भिंतीवरून काय येतं ते कुणी मोजलेलंच नसेल."

समितीच्या हरकतीत आवाजाचा भाग डर्वलानं स्वतःच लिहिला, दोन-दोन गोळ्यांचा उल्लेख करून. पूर्णिमानं आपली हरकत वेगळी पाठवली, स्वतःच्या नावानं. आपण काय ऐकलं, कुठं उभं राहून ऐकलं, दुसरा आवाज गोदामाच्या भिंतीवरून परततो, फिंटन आपल्या ओळखीचे आहेत, आणि आवाज पुढच्या खोल्यांमध्येही मोजला जावा, असं तिनं लिहिलं. नळीची दिशा आणि वेळ एकत्र बदलण्याची सूचनाही केली. कौन्सिलकडे आलेलं सगळं वेबसाइटवर कुणालाही वाचता येतं, त्यामुळे दोन दिवसांत वसाहतीनं ते वाचलं. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, काही लोकांना इथं किती दिवस राहायचंय कोण जाणे. त्याखाली दोन अंगठे उमटले.

"ग्रुप सोडून दे," हृषीकेश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"नको. कचऱ्याच्या डब्याचं कसं कळणार?"

ती हे सहज म्हणाली, पण काही दिवस ती दुकानातून लांबच्या रस्त्यानं घरी येत होती, डर्वलाचं घर टाळून.

कौन्सिलनं लगेच निर्णय दिला नाही. फिंटनकडे आणखी माहिती मागितली: आवाजाची मोजणी वसाहतीच्या दोन्ही बाजूंना करा, शेताकडच्या आणि रस्त्याकडच्या. मोजणीसाठी एक तरुण बाई तिपायीवर मायक्रोफोन लावून बसली. तिला एका पुढच्या खोलीची खिडकी हवी होती. डर्वलानं आईची खोली दिली. पूर्णिमाला हे नंतर कळलं.

उन्हाळ्याच्या सुमाराला निकाल लागला. परवानगी मिळाली, पण काही वर्षांपुरतीच, आणि अटींसह. रविवार बंद. फक्त शनिवारी दुपारी. चौथरे ईशान्येकडे वळवायचे, वसाहतीच्या बाजूला मातीचा बांध घालायचा, आणि मुदत संपली की पुन्हा मोजणी. वसाहतीतल्या काहींनी वर अपील करायची भाषा केली. क्लबातल्या काहींनीही केली. दोन्हीकडे तेवढा उत्साह उरला नव्हता. फिंटन श्रवणयंत्राचं माप घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "शनिवारी निम्मे लोक येणार नाहीत. तुम्ही मला महागात पडलात." मग म्हणाले, "ईशान्येला मात्र झाडांची पार्श्वभूमी छान आहे. केशरी रंग उठून दिसतो."

पहिल्या शनिवारी पूर्णिमा मागच्या बागेत उभी राहिली. आवाज आला, पण दार आपटल्यासारखा, आणि त्याच्या मागून काही आलं की नाही हे तिला ठामपणे सांगता आलं नसतं. पुढच्या खोलीत काय ऐकू येत असेल हे जाणून घ्यायची तिला फार इच्छा होती. ती फाटकापर्यंत गेली आणि परत आली.

काही आठवड्यांनी डर्वलाच तिला सुपरमार्केटात भेटली, बटाट्यांच्या पोत्यांपाशी. दोघींनी क्षणभर बटाट्यांकडे पाहिलं.

"अजून येतो," डर्वला म्हणाली. "कमी, पण येतो. घरी असलो की आई मान वर करते."

"आणि बोळात?"

"शनिवारी आम्ही सहसा घरी नसतोच. आता वेळ ठरलेली आहे ना. आधी सकाळी कधी सुरू होईल, काही कळायचं नाही. आता मी जेवण झालं की आईला गाडीत घालते आणि कालव्यावर नेते. तिथं तिला आवडतं." मग ती पिशवीत बटाटे भरत म्हणाली, "तुझं ते पान मी पुन्हा वाचलं. मोजणीवाली बाई म्हणाली, पुढच्या खोलीत मोजा असं कुणी लिहिलं नसतं तर तिनं मोजलं नसतं."

त्याच्या पुढच्या शनिवारी पूर्णिमा त्यांच्याबरोबर मेनूथच्या कालव्यावर गेली. ऊन होतं. ब्रीद बाकावर बसून पाण्याकडे बघत होती. काठालगत हंसांची एक जोडी पिल्लांना घेऊन फिरत होती, आणि डर्वलानं घरून आणलेले मटार ब्रीद एकेक करून त्यांच्याकडे टाकत होती.

"तू कुठली?" ब्रीदनं विचारलं.

"पुण्याची. भारतातली."

"तिकडे हंस असतात?"

पूर्णिमानं विचार केला. चित्रात असतात, देवीच्या शेजारी असतात; पण नदीत पोहताना तिनं कधी पाहिले नव्हते. "बदकं असतात," ती म्हणाली. "हंस मी इथंच पहिल्यांदा पाहिले."

"मग जरा पुढे ये," ब्रीद म्हणाली आणि बाकावर सरकून तिला जागा करून दिली. "इथून नीट दिसतात."